तांबडी भुकटी

बीममधून आधी राखाडी भुकटी पडली, मग तांबडी. पोपटरावांनी ड्रिल मशीन थांबवलं आणि स्टुलावर उभ्या उभ्याच ते खालच्या फरशीकडं बघत राहिले.

राखाडी म्हणजे काँक्रीट, तांबडी म्हणजे वीट. पण बीममध्ये वीट कुठून येणार? गवंड्यानं कुठं पोकळी राहिली म्हणून विटेचा तुकडा दडपून वर गिलावा फिरवला असेल. की आपल्याच चष्म्याचा दोष?

केडगावातल्या हार्डवेअरवाल्या भारतनं अँकर स्क्रू देताना बजावलं होतं, "आबा, ह्ये स्क्रू काँक्रीटला चावत्यात. काँक्रीटात म्हैस टांगा, हलायची न्हाई. पर जुन्या इटंत नका घालू. निस्ता भुगा व्हतोय. बीम काँक्रीटचाच हाय ना?"

"हो तर," पोपटराव म्हणाले होते.

नवं भोक पाडावं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कस्तुराबाईंचा आवाज आला, "झालं का? का आजून इचारच चाललाय?"

हा टोमणा त्यांच्या अंगवळणी पडला होता. जन्मभर ते स्टँडवरून कुलूप बघायला माघारी आले होते. एकदा तर गॅस बंद आहे का ते बघायला दौंडहून परतले होते. गॅस बंदच होता. ती गोष्ट अजून घरात हसून सांगितली जायची. त्यांनी भुकटी मुकाट्यानं झाडून घेतली आणि पाळण्याच्या कडीचा स्क्रू पिळला. तो जरा जास्तच सहज आत गेला. मग कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. कडी हलली नाही.

सकाळीच त्यांनी आतल्या खोलीत, सुनेच्या खाटेच्या वर, पुस्तकांची फळी बसवली होती. तिथंही तांबडीच भुकटी पडली होती. पण ती भिंतच विटांची, म्हणून त्यांना तेव्हा काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नातीचं बारसं. पाळणा सुनेच्या माहेराहून, तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं आला. शिसवी, जड, पितळी साखळ्यांचा. चारी साखळ्या त्या एकाच कडीत अडकवल्या गेल्या आणि कडी झेंडूच्या माळेखाली झाकली गेली. पोपटरावांना वाटलं, आता आपल्याला ती दिसणारही नाही.

पुरुष ओट्यावर बसले होते. पोपटराव तेवढे उंबऱ्याशी उभे राहिले. आत रीतीप्रमाणं बायकांनी वरवंट्याला टोपडं घातलं, तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती दिला आणि मग बाळाच्या आधी पाळण्यात निजवला.

"हलवा की गं जोरात!" शेजारच्या सिंधूबाई म्हणाल्या. "दगडाला काय चक्कर येतीया व्हय?"

बायका हसल्या. पाळणा झुलू लागला. प्रत्येक झोक्याला पोपटराव वर झेंडूच्या माळेकडं बघत होते. दगडाच्या जागी त्यांना ते इवलं, अजून धड मान न धरणारं डोकं दिसत होतं. त्या मानेच्या भीतीनं त्यांनी बाळाला एकदाही घेतलं नव्हतं.

"आगं, ह्याला कुंकू कुणी लावलं?" कुणीतरी विचारलं.

टोपड्यावर चिमूटभर तांबडं पडलं होतं.

सुलक्षणा, त्यांची सून, बाळाला घेऊन पुढं झाली. पोपटराव "थांबा" म्हणाले, पण त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते बायकांच्या घोळक्यातून वाट काढत गेले आणि त्यांनी पाळण्याचा काठ धरला.

"अवो, बायकांत काय काम तुमचं?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"पाळणा... कडी धरणार नाही."

"घ्या! कुलूप बघाया आलं ह्ये!"

हशा पिकला. पोपटरावांनी काठावर सगळा भार टाकला. पाळणा हलला नाही. मुलगा सार्थक दारातून म्हणाला, "आबा, मी बी लोंबकळून बघितलंय सकाळी. चला बाहेर, च्या घ्या."

त्यांचे कान तापले. पुन्हा तेच, माघारी येऊन बघावं तर गॅस बंद. त्यांनी काठ सोडला. आणि तेवढ्यात त्यांना कळलं. आपण दोघंही सरळ खाली लोंबकळलो होतो. झोका सरळ खाली ओढत नाही, आडवा हिसडतो.

त्यांनी पाळणा ढकलला. पुन्हा, अंगातलं सगळं बळ लावून. "आवं, याड लागलं का!" कस्तुराबाई ओरडल्या. वर काहीतरी करकरलं. पुढच्या झोक्याला माळ, कडी आणि मूठभर तांबडा भुगा एकदमच खाली आला. पाळणा डोक्याकडच्या बाजूनं आदळला, वरवंटा उसळून फरशीवर पडला आणि फरशी तडकली.

सुलक्षणा बाळाला छातीशी घट्ट धरून मागं मागं सरकत आतल्या खोलीत गेली आणि मटकन खाटेवर बसली.

पोपटरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या फळीकडं. जाडजूड, कापडी बांधणीची पुस्तकं. त्याच पुडीतले स्क्रू. तिथंही तांबडी.

"तिथं नको! ऊठ पोरी, ऊठ!"

या वेळी कुणी हसलं नाही. सुलक्षणानं काही विचारलंही नाही. उठून तिनं बाळ त्यांच्या पुढ्यात धरलं आणि त्यांनी ते घेतलं. मानेखाली पंजा आपोआप गेला. ते तडक अंगणात आले. तिथंही त्यांनी आधी वर पाहिलं, तर नुसतं ऊन होतं.

बारसं अंगणातच झालं. आत्याबाई सीमा, पोपटरावांची लेक, आबांच्या मांडीवरच्या भाचीच्या कानात वाकली. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, पण हलक्या हातानं.

कस्तुराबाई पोपटरावांच्या शेजारी येऊन टेकल्या.

"घरात आजून कुठं कुठं मारलेत ते स्क्रू?" त्यांनी हळूच विचारलं.

पोपटराव आठवू लागले. घड्याळ. आईचा फोटो. मोरीवरचं कपाट... सुलक्षणानं बाळासाठी हात पुढं केले, ते त्यांना दिसलेच नाहीत.