ताई, सोड

लहानपणी मी जाईन तिथे माझी धाकटी बहीण मागे मागे यायची, म्हणून तिचं नाव पडलं शेपूट. मी फुटबॉल खेळायला लागले, तर हीसुद्धा आली. शाळेच्या टीममध्ये मी पुढे, ती माझ्या मागे. तिला बॉल हवा असला की ओरडायची, "ताई, सोड!" मी मागे न बघता पाय उचलायचे, बॉल खालून जायचा आणि शेपूट गोल मारून मोकळी. समोरच्या पोरी माझ्याच पायांकडे बघत राहायच्या.

पुढे दोघींचं पोटपाणी यावरच चाललं. मी फॉरवर्ड राहिले. तिला तिच्या क्लबने बचावात टाकलं. इतकी वर्षं त्यांचा क्लब खालच्या गटात होता. यंदा वर आला, आणि मोसम संपत आला असताना आमची गाठ त्यांच्याशी पडली.

तोवर माझं वय फॉरवर्डला न शोभणारं झालं होतं. आमच्या कोच मॅडम एकेकाळच्या फॉरवर्ड, आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचा करार द्यायचा की नाही, ते हा सामना बघून ठरवते. गोलसमोर काय करतेस तेवढंच बघायचंय." मला करार हवाच होता. दुसरं काही येतच नाही मला; साधा भात लावला तरी घरचे एकमेकांकडे बघतात.

सामन्यात शेपूटने मला जखडूनच ठेवलं. जर्सी ओढली, टाचेवर पाय दिला, वर "लागलं का गं?" असंही विचारलं. मला तिचं कौतुक वाटत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

मग उजवीकडून बॉल आला. गोलकीपर भलतीकडे पडलेली, जाळं उघडं. पाय लावायचाच अवकाश होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, सोड!"

मी सोडला.

शेपूटने तो लाथेसरशी प्रेक्षकांत भिरकावला. सगळीकडे हशा पिकला. प्रतिस्पर्ध्याला असं ओरडून फसवणं नियमात बसत नाही, पण त्या गोंगाटात पंचांना काही ऐकूच आलं नव्हतं. शेपूटचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तिने फसवलं नव्हतंच. बॉल दिसला आणि तोंडातून निघून गेलं, एवढंच.

सामना बरोबरीत सुटला. अंघोळ उरकून मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या खुर्चीवरचे ओले मोजे बाजूला करून म्हणाल्या, "बस. तुझी बहीण येऊन गेली. रडत रडत सगळं सांगितलंन. मला वाटलं होतं, तुझे पाय संपले. पाय ठीक आहेत. करार देते. फक्त एक सांग, बॉल सोडलास तेव्हा काय वाटलं?"

काय उत्तर द्यायचं ते मला कळत होतं. राग आला म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मॅडमसमोर थापा मारायची माझी कधी प्राज्ञा झाली नाही.

"बरं वाटलं," मी म्हणाले. "मागे ती आहे, आता आपल्याला मारायला नको, असं वाटलं."

"मलाही एकदा असंच बरं वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही. पुढचं अख्खं वर्ष उगाच खेळले."

"मग राहू दे करार," मी म्हणाले. शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

बाहेर शेपूट भिंतीला टेकून उभी होती, नाक लालबुंद.

"दिला ना त्यांनी?"

"देत होत्या. मीच नको म्हटलं."

"माझ्यामुळे?"

मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त हलकं वाटत होतं. दोन्ही एका दमात तिला कसं सांगणार?

"तुझा पुढचा सामना कधी?" मी विचारलं.

"शनिवारी."

"येते मी बघायला. तिकीट काढून," मी म्हणाले, आणि तिकीट हा शब्द तोंडातून गेल्यावर मला रडू फुटलं.