शपथेपुरती नदी बंद

"पुन्हा थांबवलात?" साहेबांनी मनगटावरचं घड्याळ गेटवाल्याच्या नाकासमोर धरलं. "पाहुणे निघालेत तिकडून!"

"दरवाजा जुना आहे, साहेब. मधे मधे दम खातो," तो म्हणाला. त्याचं बोट बटणावर नव्हतं, बटणाच्या शेजारी होतं.

पाहुणे 'नदी वाचवा' अशी शपथ घेणार होते. ती नदीच्या मधोमध, मोठ्या खडकावर उभं राहून घ्यायचं ठरलं होतं. खडकापर्यंत बूट न भिजता जाता यावं म्हणून बंधाऱ्याचा दरवाजा खाली सोडून नदी तासभर बंद ठेवायची होती. यात कुणालाच काही खटकलं नव्हतं. शपथेच्या मजकुरात नदी वाहती असावी अशी अट नव्हती.

खटकलं होतं ते गेटवाल्याच्या थोरल्या बहिणीला. बंधाऱ्याखाली जाळं टाकून ती पोट भरायची. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, "माशांची पिल्लं सध्या काठच्या उथळ पाण्यात आहेत. पाणी हळूहळू उतरलं तर त्याच्यामागे धारेत सरकतील. एकदम उतरलं तर तिथेच अडकून मरतील."

"साहेबांना पिल्लांचं काय सांगू, ताई?"

"सांग, दगडावरच्या शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर पिल्लं, पिल्लांवर मोठे मासे आणि त्या सगळ्यांवर मी. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढल्यास तर वरची कुठे जाईल? तुझ्याकडेच येईन जेवायला. रोज."

बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि गेटवाल्याला नदीचं सगळं शास्त्र एकदम पटलं. तेव्हापासून तो दरवाजा वीतभर खाली सोडत होता, थांबत होता, पुन्हा वीतभर सोडत होता. दरवाजा आता निम्म्यावर होता.

"अजून किती दम खाणार हा?"

"मोटार तापलीय, साहेब."

साहेबांनी मोटारीवर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला. मोटार गार होती.

"बाजूला व्हा."

"साहेब, अर्धा तास द्या, फक्त..."

"बाजूला!"

साहेबांनी स्वतः बटण दाबलं. दरवाजा एका दमात, जरासुद्धा न कुरकुरता, खाली टेकला. दर आठवड्याला गेटवाला त्याला मन लावून ग्रीस चोपडायचा. आज त्याच ग्रीसने गेटवाल्याविरुद्ध साक्ष दिली.

"जुना आहे, नाही का?" साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. पुढचं कळवू."

गेटवाला पायऱ्या उतरून पात्रात गेला. दगडांवरचं शेवाळ उन्हाने करडं पडायला लागलं होतं. बगळे निमंत्रणाशिवाय आणि पाहुण्यांच्या आधी येऊन जेवायलाही बसले होते. बहीण चिखलात गुडघे टेकून, चहाच्या गाळणीने डबक्यातली पिल्लं बादलीत घेत होती.

"हळू सोड म्हटलं होतं," ती वर न बघता म्हणाली.

"निम्म्यापर्यंत सोडलं हळू."

"म्हणून निम्मी वाचली. बस खाली."

पाहुणे आले. बूट कोरडे राहिले. फोटोग्राफर ओरडला, "ओ काका, ताई, जरा तिकडे सरका! फोटोत येताय!"

दोघं गुडघ्यांवरच बाजूच्या डबक्याकडे सरकली. लाउडस्पीकरवरून सूचना झाली: सर्वांनी उजवा हात पुढे करावा. खडकावरचे आणि काठावरचे सगळे हात एकदम पुढे आले.

गेटवाल्याने दोन्ही हातांची ओंजळ केली होती. तिच्यात करंगळीच्या नखाएवढी पिल्लं वळवळत होती. बोटांमधून पाणी गळत होतं. ओंजळ घट्ट आवळत, श्वास रोखून, तो बादलीच्या दिशेने सरकत राहिला.