शुक्रवारच्या खुंट्या

टॉर्च हदासामावशींच्या हातात होता आणि उजेड अवधूतच्या कानावर पडत होता. काम कानाचं नव्हतं. काम स्वयंपाकघरातल्या कपाटात, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या शेजारच्या भिंतीवर होतं, आणि त्यासाठी अवधूतने डोकं, एक खांदा आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच आत घातलं होतं. बाकीचा अवधूत बाहेर स्टुलावर होता.

"मावशी, थोडं डावीकडे."

उजेड कानावरून मानेवर आला.

"माझ्या डावीकडे."

"तुझं डावं आत गेलंय. मला बाहेरून कसं दिसणार?"

त्याने हात मागे करून टॉर्च मागून घेतला आणि दातांत धरला. त्यामुळे संभाषणावर मर्यादा आल्या, पण त्या फक्त त्याच्या बाजूने.

"वीज बंद केलीस ना?"

"ऊं."

"दोनदा बघितलंस?"

"ऊं."

"गॅसला हात लावू नकोस हां. त्याला लायसन्सवाला लागतो."

अवधूतने तिसऱ्यांदा "ऊं" केलं. गॅसला तो हात लावणारच नव्हता. बॉयलरचं झाकण तसंच राहणार होतं. बाहेरच्या जुन्या टायमरच्या तारा काढायच्या आणि नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या डबीत घालायच्या, एवढाच मामला. अवधूत नागपूरचा. दर एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरवून त्याची मोटर, पंप आणि तारा जोडायचं खातं शाळेत असल्यापासून त्याच्याकडे होतं. ज्याला घर गार करता येतं त्याला गरमही करता येणारच, फक्त उलटं करायचं, असा त्याचा साधा हिशेब होता. हा हिशेब अजून तासाभराने त्याच्या अंगावर यायचा होता.

बुधवारी तो एडिनबराला निघणार होता. नवी नोकरी, नवा फ्लॅट, आणि लंडनच्या ह्या क्रॉयडनपेक्षाही गार हवा. हदासामावशींच्या डोक्यावरचा फ्लॅट रिकामा होणार होता. त्याचं कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं, एक शुक्रवार सोडला तर.

दोन हिवाळ्यांपूर्वी अवधूत इथे राहायला आला, त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी अंधार पडल्यावर दार वाजलं. दारात लोकरी शाल पांघरलेल्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या एक आजीबाई.

"मी खालची पेणकर. आमच्याकडे आज जरा गारवा आहे," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या.

क्रॉयडनमध्ये अचानक मराठी कानावर पडल्याने अवधूत हरखून गेला. "हो ना, आमच्याकडेपण," तो म्हणाला, हसला, आणि त्याने दार लावून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. पुन्हा गारवा होता. पुन्हा अवधूतने मनापासून दुजोरा दिला. तिसऱ्या खेपेला हदासामावशी दारातच थांबल्या आणि लहान मुलाला पाढे शिकवावेत तशा म्हणाल्या, "बाळा, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत आमचा शब्बाथ. मी बटणाला हात लावत नाही. दुसऱ्याला लाव म्हणून सांगतही नाही. मी फक्त म्हणते, की गारवा आहे. आता तू इंजिनिअर आहेस ना?"

तेव्हापासून दर शुक्रवारी गारवा असायचा आणि दर शुक्रवारी अवधूत योगायोगाने खाली यायचा. योगायोगाने त्याचा हात बॉयलरच्या बटणाला लागायचा. मग मावशी पितळेच्या पेल्यातलं भिजवलेल्या मनुकांचं सरबत त्याच्या पुढ्यात ठेवायच्या, नारळाच्या दुधातली मच्छी वाढायच्या आणि ऑफिसात त्याच्याशी कोण कसं वागलं ते नावानिशी विचारायच्या. दोनेक तासांनी तो वर जायचा. याला तो मनात 'हीटिंगचं काम' म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात तो महिनाभर नागपूरला गेला आणि मावशींना खोकल्याने धरलं. तो परत आला तेव्हा त्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि खोकल्याला मराठीतून शिव्या देत होत्या. एडिनबराचं पत्र आलं तेव्हा अवधूतला पहिली आठवण झाली ती त्या उशांची. म्हणून हा थर्मोस्टॅट. शुक्रवारी दुपारी आपोआप चालू, शनिवारी रात्रीपर्यंत घर उबदार. कोणी बटण दाबायला नको, कोणी गारव्याचा विषय काढायला नको.

टायमरचं झाकण निघालं. आत घड्याळासारखी तबकडी होती, तिच्यावर आठवड्याचे वार आणि कडेने बारीक लाल-निळ्या खुंट्या. लाल खुंटी आली की बॉयलर चालू, निळी आली की बंद. अवधूतने टॉर्च तोंडातून काढला.

"मावशी, ह्यात तर सगळे वार लावलेत! रविवार, सोमवार… गुरुवारपर्यंत खुंट्या आहेत. फक्त शुक्रवार-शनिवारच्या नाहीत."

"नसतील," मावशी म्हणाल्या.

"यंत्र ठणठणीत आहे, आणि शब्बाथला तेवढं काम करत नाही?"

"जुनं आहे रे. धार्मिक झालंय." मावशींचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता. "आमच्या आजोबांचा पेणला तेलाचा घाणा होता. आम्हाला गावात शनिवार तेलीच म्हणायचे. घाण्याचा बैल सहा दिवस फिरायचा, शनिवारी जागचा हलायचा नाही. त्याला कोणी सांगितलं होतं?"

"बैल ठीक आहे. हा टायमर आहे."

"आयझॅकने बसवलेला आहे. तो होता तोवर सगळे दिवस चालायचा. तो गेल्यावर याने मनाला लावून घेतलं."

मावशींच्या यजमानांचा, आयझॅक अंकलचा फोटो फ्रिजवर होता. त्यांच्या चेहऱ्यावरही टायमरबद्दल खुलासा करण्याची इच्छा दिसत नव्हती. अवधूत खो खो हसला, 'खुंट्या झिजून पडल्या असतील' असं स्वतःलाच सांगितलं आणि पुन्हा कपाटात शिरला.

नवी डबी भिंतीवर लावायला एक स्क्रू कमी पडला. मावशींनी बटणं ठेवायचा बिस्किटांचा जुना डबा त्याच्यापुढे धरला. अवधूतने बोटाने ढवळलं. कोटाची बटणं, सेफ्टी पिना, एक जुनं नाणं, दोन-चार लाल-निळे प्लॅस्टिकचे तुकडे. ते तुकडे बाजूला सारून त्याने तळातला स्क्रू उचलला आणि कामाला लागला.

तारा लागल्या. वीज आली. भिंतीवरच्या नव्या गोल थर्मोस्टॅटने सतरा अंश दाखवले. अवधूतने त्याला वीस सांगितले. बॉयलर गप्प. पाच मिनिटं झाली, तरी गप्प. मग कंटाळून त्याने आकडा खाली, पंधरावर आणला, आणि बॉयलर धडधडत सुरू झाला.

"झालं!" अवधूत म्हणाला. का झालं, ते त्याने विचारलं नाही. सुरू झालेल्या यंत्राला प्रश्न विचारू नयेत, हे तो कूलरकडून शिकला होता.

चहा होईपर्यंत घर बावीसवर गेलं. त्याने थर्मोस्टॅटला बारा सांगितले. घर चोवीसवर गेलं. त्याने दहा सांगितले. मावशींनी शाल काढली. मग स्वेटर काढला. मग त्यांनी खिडकी उघडली. खिडकीतून क्रॉयडनचा जानेवारी आत आला आणि थर्मोस्टॅटपाशी जाऊन विरघळला.

"लंडनला आल्यापासून जानेवारीत मी पहिल्यांदा घामेजले," मावशी वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाल्या. त्या भलत्याच खुशीत होत्या. "अगदी मुंबई झाली रे."

"मावशी, मुंबई कधीच गेली. हे नागपूर आहे."

"बर्फ घालू का सरबतात?"

"घाला."

ते बर्फाचं सरबत पिता पिता अवधूतच्या डोक्यात उजेड पडला. डबीत शेजारी शेजारी दोन भोकं होती. एकातून घर गार पडलं की बॉयलरला वीज मिळते, दुसऱ्यातून घर तापलं की. त्याच्या हाताने सवयीने दुसरं निवडलं होतं. घर तापलं की चालू व्हायचं, हे कूलरसाठी अगदी बरोबर होतं. त्याने क्रॉयडनमध्ये बॉयलरचा कूलर केला होता.

वीज बंद केली, तार एका भोकातून काढून शेजारच्यात घातली. बॉयलर लगेच शहाणा झाला.

मग शिकवणी. अवधूतने शुक्रवार आणि शनिवार आपल्या फोनवरच्या ॲपमध्ये भरले. समोरून गेलं की थर्मोस्टॅट आपोआप उजळायचा, ते त्याने बंद केलं; शब्बाथला मावशी नुसत्या पाणी प्यायला उठल्या तरी दिवा लागला असता. मावशींनी हे बघितलं आणि त्याच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

"आता हे वाढवायचं कसं, कमी कसं करायचं, दाखवतो."

"ते राहू दे. बंद कसं करायचं?"

"बंद? बंद कशाला करताय?"

"माणसाला बंद करता आलं पाहिजे."

"बरं. ही कड धरून दाबून ठेवायची. तीन, दोन, एक. 'शेड्यूल ऑफ' आलं? की ते माझ्या टाइमटेबलचं ऐकत नाही."

मावशींनी दाबून ठेवलं. जमलं. चालू करून पुन्हा दाबलं. पुन्हा जमलं. आणखी एकदा करून त्या समाधानाने खाली बसल्या.

"आणि तुला तिकडे एडिनबराला दिसतं? इथे किती गारवा आहे ते?"

"सगळं दिसतं. तिथून वाढवतापण येतं. पण गरज नाही पडणार, मावशी. आता सगळं आपोआप."

"आपोआप," मावशी म्हणाल्या, आणि जुना टायमर त्याच्या कचऱ्याच्या पिशवीतून काढून त्यांनी पुसून फ्रिजवर, आयझॅकच्या फोटोशेजारी ठेवला.

बुधवारी अवधूत गेला. ट्रामच्या स्टॉपवर मावशींनी त्याला मनुकांची पुडी दिली आणि रडारड वगैरे न करता त्याच्या मफलरवर टीका केली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता एडिनबराच्या नव्या ऑफिसमध्ये त्याचा फोन गुरगुरला. क्रॉयडन, सोळा अंश. शेड्यूल ऑफ.

अवधूत खुर्चीत सरळ झाला. पहिला विचार तारेचा आला. पुन्हा चुकीचं भोक! पण उलटी जोडलेली तार घर तापवते, आणि हे तर गार होत चाललं होतं. त्याने मावशींचा नंबर लावायला घेतला आणि थांबला. लंडनमध्येही सूर्य मावळत आला होता. आता उद्या रात्रीपर्यंत त्या फोन उचलणार नव्हत्या. साडेपंधरा. उशांना टेकलेल्या मावशी त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. वरचा फ्लॅट रिकामा. दार वाजवायलासुद्धा कोणी नाही.

त्याने ॲप उघडून मागचं बघितलं. शेड्यूल सव्वातीनला बंद झालं होतं. बिघाड नव्हता. कोणीतरी थर्मोस्टॅटची कड धरून दाबून ठेवली होती. दिवस मावळायच्या आत, हाताने, नीट.

तो खुर्चीत मागे टेकला. आणि मग का कोण जाणे, त्याला बटणांचा डबा आठवला. कोटाची बटणं, सेफ्टी पिना, जुनं नाणं. आणि ते लाल-निळे तुकडे, जे त्याने स्वतःच्या बोटाने बाजूला सारले होते.

शेजारच्या टेबलावरच्या नीलने मान वर केली. "काय रे, काय झालं? हसतोयस का?"

"काही नाही," अवधूत म्हणाला. "घरी जरा गारवा आहे."

"इथेपण," नील म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

अवधूतने ॲपवर वीस केले. मग बसून राहिला. साडेपंधरा. सोळा. साडेसोळा. फोन टेबलावर उभा करून तो आकडे बघत होता, आणि मध्येच हळू आवाजात त्याने आकड्यांना ऑफिसात कोण कसं वागतं ते नावानिशी सांगितलं. घर एकोणीसवर आल्यावर तो उठला. दोनेक तास झाले होते.

शनिवारी रात्री मावशींचा फोन आला.

"काल आमच्याकडे जरा गारवा होता," त्या म्हणाल्या.

"अरेच्चा! मग?"

"मग गेला."

"यंत्रात काही बिघाड आहे का, मावशी? येऊन बघू?"

"छे. चांगलं आहे यंत्र. तुझा हात चांगला आहे." पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला. "फक्त धार्मिक निघालं. मनुका भिजवल्यास का?"

"काल भिजवायला हव्या होत्या."

"गुरुवारी भिजव."

सोमवारी अवधूतने ऑफिसच्या कॅलेंडरवर पुढचे सगळे शुक्रवार अडवले. वेळ सारखी नव्हती. सूर्य मावळायची वेळ बघून त्याने प्रत्येक आठवड्याची वेगळी भरली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'धार्मिक'. टीम लीड मायरा त्याच्या टेबलापाशी आली. तिने अदबीने, अशा बाबतीत विचारावं तसं विचारलं, की त्याला आणखी काही सोय लागेल का, आणि तो कधीपासून इतका धार्मिक आहे.

"मी नाही," अवधूत म्हणाला. "आमचा थर्मोस्टॅट."