टेंपूची पहिली बाटली

पेठ तालुक्यातल्या पाड्यावर झुंबरबाईचा असा दरारा होता, की ती वाटेनं येताना दिसली तर गावठी गाळणारे चुलीवरचं मडकं झाकून घेत. दिराचा जीव दारूनं गेला त्या वर्षी तिनं अकरा बाया जमवल्या आणि एकेक भट्टी हुडकून फोडली. तिचा नवरा बारकू तेव्हा हसून म्हणाला होता, "आता बायकोच काठी घेऊन फिरती म्हणल्यावर माझी काय बिशाद!" त्यानंतर बारा वर्षं त्यानं दारूला हात लावला नाही.

भातलावणी उरकली की दोघं दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला उतरत. बाकीचे मजूर मिळेल त्या बागेत जात, बारकूला मात्र बोलावणं येई. कलम बांधावं तर त्यानंच. जयरामनाना म्हणून एक बागायतदार होते. दोन हजार चार साली एका वाइन कंपनीनं त्यांना स्पेनमधल्या काळ्या द्राक्षाच्या काड्या आणून दिल्या. नाव टेम्प्रानिल्यो. ते कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून मजुरांनी त्याचं टेंपू केलं. शेजारचे शेतकरी बांधावर येऊन हसत. "नाना, नुसती साल न् बिया. हे खाणार कोण?"

पहिल्या खेपेला दुसऱ्या कारागिरानं बांधलेली कलमं शंभरातली नव्वद वाळून गेली. मग नानांनी बारकूला हाक मारली. त्यानं काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, ऊन चढायच्या आत होतील तेवढ्याच रोज बांधल्या, आणि झुंबरबाईनं मागोमाग पट्ट्या आवळल्या. पंधरा दिवसांनी ओळीच्या ओळी फुटल्या. पुढं फळ धरलं, तेही बाकीच्या वाइनच्या द्राक्षांआधी पिकलं. कंपनीची माणसं खूश झाली. हसणारेच आता काड्या मागायला यायला लागले आणि बांधावरूनच विचारायचे, "तो बारकू कुठाय?" झुंबरबाई मान वर न करता काम करी, पण ते तिला बरं वाटे.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात फळछाटणी झाली. दोन दिवस सगळे काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं ते औषध. चिंधी बुडवायची न् पुसत जायचं. हातमोजे कुणी दिले नव्हते, कुणी मागितलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा नाना बाटली घेऊन आले. टेंपूची पहिली वाइन. स्टीलच्या पेल्यात ओतून ते म्हणाले, "बारकू, पहिला घोट तुझा. तू नसतास तर ही बाग नसती."

बारकूनं पेला धरला आणि बायकोकडं पाहिलं. सगळेच तिच्याकडं बघायला लागले. तिच्या मनात आलं, ही काही भट्टीवरची नाय. त्याच्याच हातचं फळ. आजवर त्याला असा पहिला मान कुणी दिला होता?

"घ्या," ती म्हणाली. "नानांचा मान मोडू नका."

त्यानं अर्धा पेला घेतला, तोंड वाकडं केलं. "आंबटच हाय, नाना!" सगळे खदखदून हसले.

पाव तासात त्याचा चेहरा, मान, छाती लालभडक झाली, मिरची चोळल्यासारखी. "डोकं फुटतंय गं," म्हणत तो ओळीतच बसला, ओकला, आणि धापा टाकायला लागला. नानांनी जीप काढली. झुंबरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्त्यातच त्याचा हात गार पडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं तोंडाचा वास घेतला. "किती प्यायला होता?"

"अर्धा पेला, साहेब."

"सगळ्या बायका अर्धाच सांगतात."

हाताला काय लागलं होतं हे त्यानं विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. कागदावर मरणाचं कारण दारू असं लिहिलं गेलं.

पाड्यावर बातमी तिच्या आधी पोचली होती. दहाव्याला माणसं आली, जेवली, खाली बघून गेली. पुढं तिनं त्या अकरा बायांची बैठक बोलावली तर एकटी अक्काबाई आली, भट्ट्या फोडताना सगळ्यांत पुढं असायची ती. म्हणाली, "झुंबर, आता कोणत्या तोंडानं सांगायचं गं लोकांना?" वर्ष सरायच्या आत, ज्याची भट्टी तिनं पूर्वी फोडली होती त्या वाळू नावाच्या माणसानं ओढ्यावर लपून नाही, उघड्या अंगणात भट्टी लावली. झुंबरबाई तिथपर्यंत गेली आणि परत आली.

दोन वर्षांनी जयरामनाना पाड्यावर आले. खाटेवर बसले, पाणी घेतलं, पण पेला हातातच राहिला.

"झुंबरबाई, द्राक्षाच्या मेळाव्यात एक शास्त्रज्ञ बोलला. पेस्ट लावली की पुढं-मागं काही दिवस थेंबभर दारू घ्यायची नाय. अंगात जहर होतं. बारकू दारूनं नाय गेला. डब्यावर लिहिलं होतं. इंग्रजीत. मी कधी वाचलंच नाय."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "चला. हेच चार माणसांत सांगा. अक्काबाईला, वाळूला, सगळ्यांना. मी बोलावते."

नाना उठून उभे राहिले. "सहा गावांत टेंपू लागलाय आता. लोकं माझ्या शब्दावर लावतात. असं काही बाहेर गेलं तर... तुला सांगितलं, माझ्या मनावरचं ओझं गेलं. चारचौघांत नको."

"तुमच्या मनावरचं गेलं," ती म्हणाली. "माझ्या मनावरच्याचं काय? घ्या म्हणून मीच सांगितलं हो त्यांना."

नानांनी पायात चपला सरकवल्या. ते गेल्यावर ती तशीच अक्काबाईकडं गेली. अक्काबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "बागेच्या मालकानं समजूत घातली असंल गं तुझी."

पोट भरायचं होतंच. त्या ऑक्टोबरात ती दुसऱ्याच्या बागेत गेली, तिथंही नवा टेंपू होता. पेस्टच्या डब्यात चिंधी बुडवण्याआधी तिनं गड्यांना बजावलं, "आठ दिवस पिऊ नका रे. माणूस मरतो यानं." त्यांनी माना डोलावल्या. तिची पाठ वळताच कुणीतरी म्हणालं, "हिचा दादला पिऊन मेला ना, म्हणून."

संध्याकाळी त्यातला लखन आणि आणखी एक गडी नाक्यावर जाऊन प्यायले. दोघांची तोंडं लाल झाली, दोघं ओकले, रात्रभर कण्हले. झुंबरबाई जवळ बसून पाणी पाजत होती. सकाळी दोघं उठून चहा पीत बसले.

"बघ झुंबरमावशी," लखन हसत म्हणाला, "मेलो का आम्ही?"

तिनं रिकामा तांब्या बाजूला सरकवला. पहाटे त्याच्या छातीवर हात ठेवून बसली असताना, हा मेला तर सगळ्यांना पटेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं होतं. ते आठवून तिनं तो हात लुगड्याला पुसला. मुकादमानं हाक मारली तशी ती उठली आणि कालच्या राहिलेल्या ओळीला लागली.