राहिलेला कोपरा

लिलावघराच्या दालनात आपलं चित्र भिंतीवर दिसलं, तशी चित्रकार बाईंना आधी बहीण आठवली आणि लगेच राग आला. डावीकडचा खालचा कोपरा अजून तसाच होता. कॅनव्हासभर काळे-तांबडे फटकारे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि त्या कोपऱ्याशी येऊन सगळा जोर ओसरला होता. तिथे नुसता करडा रंग फासलेला. तिथे काय हवंय ते तेव्हा सुचलंच नव्हतं. तेवढ्यात बहिणीने नव्या घराच्या ओक्याबोक्या भिंतीसाठी चित्र उचलून नेलं.

"करते गं पुरं," बाई दर भेटीत म्हणायच्या.

"राहू दे, मला असंच आवडतं," म्हणत बहीण चहा टाकायला उठायची.

आता बहीण गेली होती. तिचं घर रिकामं करताना भाच्याने चित्र लिलावाला काढलं, मावशीला एका शब्दाने न विचारता.

"मला एक दिवस द्या," बाई तिथल्या अधिकारी मुलीला म्हणाल्या. "रंग घेऊनच आलेय."

मुलगी घाईघाईने चित्राच्या पुढे उभी राहिली. "बाई, कृपा करून हात लावू नका. त्या कोपऱ्यातच तर सगळी तडफड आहे. आम्ही माहितीपुस्तिकेत तसं छापलंय."

"कसली डोंबलाची तडफड! मला सुचलं नव्हतं!"

मुलगी आदराने हसली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिथूनच भाच्याला फोन लावला.

"मावशी, नाव तर तुझंच होतंय. तुझं काय बिघडतंय?"

"अरे गाढवा, माझी सही नेमकी त्याच कोपऱ्यात आहे!"

लिलावाच्या दिवशी बाई मागच्या रांगेत बसल्या. बोली रेंगाळली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. कुणी घेतलंच नाही तर भाच्याकडून मागून घेता येईल. पण पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ पुन्हा हात वर करू लागला, तशा त्या ताडकन उठल्या.

"थांबा! हे मी काढलंय. हे अपुरं आहे. फसलंय!"

 मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सभागृहभर टाळ्यांचा कडकडाट झाला. बोली अशी काही उसळली की भाच्याचा आ वासलेलाच राहिला. चित्र त्या गृहस्थालाच मिळालं.

बाईंनी त्याला दारात गाठलं. "कुठे लावणार आहात? मी घरी येऊन कोपरा पुरा करून देते."

"लावणार कशाला? उजेडाने रंग उडतात. कुलपात ठेवणार." तो मनापासून हसला. "बाकी तुम्ही भलत्याच विनोदी आहात हं!"

भाचा गाडीतून घरी सोडायला निघाला. 

"आई म्हणायची," तो चाचरत म्हणाला, "चित्र पुरं झालं की मावशीचं येणं कमी होईल. म्हणून ती तुला हातच लावू देत नव्हती."

 बहिणीवर चांगलं तोंडसुख घ्यावं, असं बाईंना फार वाटलं. पण ती ऐकायला होती कुठे?

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?" त्या भाच्यावरच खेकसल्या.