स्लॅब टाकायचा राहिलेलं घर

मित्रांनो, मी एक जुना, दोन्ही हातांत धरून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. माझ्या पडद्यावर चरा आहे आणि डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. माझा मुक्काम जामखेडला, योगेश गवंड्याच्या घरी.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, तो काही मला आठवत नाही. पुण्यात योगेशने ज्यांचा बंगला बांधला, त्यांच्या मुलाकडे मी आधी होतो. तिथे माझे नव्याचे नऊ दिवस लवकरच संपले. मग मालकिणीने मला योगेशच्या हातावर ठेवलं. थापी आणि ओळंब्याच्या पिशवीतून मी जामखेडला आलो आणि त्याच्या लेकीचा, प्रज्ञाचा झालो. ती तेव्हा सातवीत होती.

माझ्या पोटात एकच खेळ आहे. ठोकळ्यावर ठोकळा रचायचा आणि हवं ते बांधायचं. योगेशने लोकांचे बंगले उभारले, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर पत्रेच होते. म्हणून बापलेकींनी माझ्यात आपलं घर बांधायला घेतलं. हाडाचा गवंडी तो, खेळातसुद्धा सांध्यावर सांधा येऊ देईना. एक भिंत उभी राहिली आणि या गड्याने खेळातलीच बादली घेऊन तिच्यावर पाणी ओतलं. लोंढा घरात शिरला, उजेडासाठी लावलेल्या मशाली वाहून गेल्या, सगळीकडे अंधार झाला.

"पप्पा, काय केलं हे?"

"पानी मारलं. न्हाईतर शिमीट धरतंय व्हय?"

"गेममधी शिमीट नसतंय, पप्पा."

"नसू दे. भिंत ती भिंतच."

प्रज्ञाची हसून मुरकुंडी वळली. त्या दिवशी माझ्या बटणांवर चार हात होते. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

भिंती पुऱ्या झाल्या आणि योगेशला पुण्याहून मोठ्या कामाचं बोलावणं आलं. जाताना तो लेकीला म्हणाला, "स्लॅब मी आल्यावर टाकू. माज्याबिगर हात लावायचा न्हाई." तिने शब्द पाळला. तो यायचा, पण एका दिवसापुरता, आणि तोही झोपण्यात जायचा. पुढे ती डिप्लोमा करायला संगमनेरला गेली आणि मी पत्र्याच्या डब्यात गेलो.

तीन वर्षं मी तिथे होतो. धूळ खाण्याचं दुःख नव्हतं हो. ते घर उघडं राहिलं होतं, आणि मला ते चार हात हवे होते.

गेल्या आठवड्यात डब्याचं झाकण उघडलं. बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय मोडल्यामुळे योगेश घरी बसला आहे. औषधाची चिठ्ठी शोधताना त्याला मी सापडलो. त्याने मला चार्जिंगला लावलं. घर जसंच्या तसं उभं राहिलं. त्याने प्रज्ञाला फोन लावला.

"आपलं घर हाय अजून. स्लॅब टाकू का?"

पलीकडून प्रज्ञा म्हणाली,

"नको, पप्पा. मी शनिवारी येते. तोवर तुमी नुस्तं पानी मारा."

तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी ओततो. मशाली वाहून जातात. तो त्या पुन्हा लावतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी डब्यात पडलं असेल, तर त्याला अधूनमधून चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी मरते. आणि ज्याच्यासोबत खेळायचं राहिलं आहे, त्याला आधी हाक मारा.

चार्ज केली तरी माझी बॅटरी आता दहाच मिनिटं टिकते. आज शुक्रवार आहे. उद्याची दहा मिनिटं मला त्या चार हातांसाठी जपून ठेवायची आहेत.