ड्रायरच्या सॉकेटवरची गाडी

रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी जवळजवळ तेवढीच का भरलेली असते? त्या आठवड्यात मला दुसरा विचारच नव्हता. लेकीला, आर्याला, दुपारी झोपवताना एक हात तिच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर हाच प्रश्न, दर वेळी वेगळ्या शब्दांत.

गाडी आमची नव्हती अजून. माझ्या नवऱ्याबरोबर, मनीषबरोबर, काम करणाऱ्या हेमचंद्र सरांची होती. ते इथला गाशा गुंडाळून कायमचे नाशिकला निघाले होते. "आठवडाभर वापरून बघा," म्हणाले, "घरी चार्ज होत असेल तर ठेवा. नाहीतर गुरुवारी स्पष्ट सांगा, दम्मामचा एक जण डोळे लावून बसलाय." आणि नेमका त्याच आठवड्यात मनीष तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेला. तो पंधरवडाभर समुद्रात असतो, पंधरवडाभर घरी. तो समुद्रात असला की सौदीतलं हे खफजी शहर आमच्यासाठी कंपाउंडच्या गेटपाशी संपतं.

मागच्या महिन्यात आर्याला ताप भरला तेव्हा भर दुपारी टॅक्सी मिळेना. शेवटी शेजारच्या तस्नीमच्या नवऱ्याने ऑफिसमधून येऊन आम्हाला दवाखान्यात सोडलं. बिचारा बाहेर थांबला, घड्याळ बघत राहिला. माझ्या पर्समध्ये तेव्हाही लायसन्स होतं. तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन मी त्या लायसन्सचा विचार करत होते. म्हणून मला ही गाडी हवी होती. हौस म्हणून नव्हे.

चार्जिंगची युक्तीही हेमचंद्र सरांचीच. आमचं घर कंपनीचं, भिंतीला चार्जर ठोकायची परवानगी नाही. पण हे कंपाउंड फार पूर्वी अमेरिकन पद्धतीने बांधलेलं आहे, त्यामुळे वॉशिंग मशीनच्या खोलीत कपडे सुकवायच्या ड्रायरसाठी एक वेगळं, जाड तोंडाचं, जास्त दाबाचं सॉकेट आहे. "त्यातच लावायची," सर म्हणाले. "दिवसा ड्रायर, रात्री गाडी. एका वेळी एकच, एवढं लक्षात ठेवा." त्यांच्याकडच्या केबलला तसलीच पिन होती. मी ड्रायरची पिन काढली, गाडीची लावली, केबल खिडकीतून बाहेर शेडखाली नेली. गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आर्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई गो! म्हणजे ही आता वायरीने दूध पिणार!"

आई व्हिजिट व्हिसावर गुहागरहून आल्या आहेत. मला हाताखाली मदत व्हावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर आर्याला डोळे भरून बघता यावं म्हणून.

पहिल्या सकाळी मी धावत गाडीपाशी गेले. हिरवा दिवा चालूच होता. आत बसून बघितलं तर रात्रीपेक्षा जेमतेम थोडे टक्के वाढलेले. म्हटलं, पहिलीच रात्र, जुनी गाडी, असेल काहीतरी. दुसऱ्या सकाळी तेच. दिवा चालू, चार्जिंग चालू, आणि पोट रिकामं. मी पिन काढून ड्रायर लावून बघितला. ड्रायर घरघरत सुरू झाला, आर्याचे फ्रॉक कडकडीत वाळवून दिले त्याने. म्हणजे सॉकेट ठीक. मग गाडी बिघडलेली? पण गाडी तर म्हणते मी चार्ज होतेय.

"आर्या, गाडीला काय झालं गं?" मी विचारलं.

"कार स्लीपिंग," ती म्हणाली. "सो गई कार."

तिला बालवाडीत घातल्यापासून तिच्या तोंडी अशीच खिचडी असते.

मनीषचा रोज संध्याकाळी फोन यायचा, मागे वारा आणि यंत्रांचा आवाज. "बॅटरी गेलेली असणार," तो म्हणाला. "सरांना माहीत नसेल. राहू दे, परत देऊन टाक."

"पण दिवा चालू असतो रे."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस? टक्के बघ ना."

"टक्केच बघतेय मी. दुसरं काय करतेय?"

"हे बघ नूपुर, पुढच्या वर्षी आपली साधी पेट्रोलची घेऊ. तोवर आईही आहे सोबतीला."

आई सोबतीला आहेत म्हणजे ताप आला तर त्या चालवतील का गाडी, असं अगदी ओठावर आलं होतं. पण आई समोरच आर्याला वरणभात भरवत होत्या.

बुधवारी मी धीर करून हेमचंद्र सरांना फोन लावला. ते सामानाच्या खोक्यांत बुडालेले. गाडीचं ॲप अजून त्यांच्याच फोनवर होतं. जरा वेळाने त्यांनीच उलट फोन केला, आवाज थोडा चढलेला.

"अहो, रात्री लाईट जाते का तुमच्याकडे?"

"नाही हो. इथे कुठे लाईट जाते?"

"मग रोज रात्री चार्जिंग बंद पडलेलं दिसतंय. आणि पहाटे आपोआप सुरू. रोज! गाडीत खोट नाहीये. माझ्या गाडीचं नाव खराब करू नका बुवा."

रात्री एसी चालू असतो, फ्रीज चालू असतो, आर्याचा रात्रीचा दिवा चालू असतो. मग एकट्या ड्रायरच्या सॉकेटची वीज रात्री कुठे जाते आणि पहाटे कशी परत येते? मी तस्नीमलाही विचारलं. ती म्हणाली, "पुराने घर हैं बाजी, इनका अपना मिज़ाज होता है." माझं समाधान होईना, पण दुसरं काही सुचेनाही.

गुरुवारी दुपारी शेवटचा प्रयत्न म्हणून मी दिवसाच गाडी लावली. ठरवलं, आज डोळ्यांसमोर बघायचं. आर्या मात्र झोपायला तयार नव्हती, म्हणून तिला खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. ती पेंगली, तिचं तोंड माझ्या मानेत ओलं ओलं लागत होतं, आणि तेवढ्यात आई त्यांच्या खोलीतून निघाल्या. दुपारी आडवं व्हायच्या आधीची त्यांची फेरी. स्वयंपाकघरात गॅसचं बटण चाचपलं. मिक्सरची पिन काढली. हॉलमधला टीव्ही मुळापासून बंद केला. हे सगळं त्या आल्यापासून रोज करतात, दुपारी निजताना आणि रात्री निजताना, आणि मला त्यात नवल वाटायचं कारणच नाही. माझी आईही करते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि वापर संपला की ते बंद करायचं असतं. त्याशिवाय झोप येत नाही.

मग आई पॅसेजच्या टोकाला असलेल्या खटक्यांच्या पेटीपाशी गेल्या, झाकण उघडलं आणि एक खटका खाली पाडला. टक.

खिडकीबाहेर शेडखाली हिरवा दिवा विझला.

"आई!"

त्या दचकल्या. "काय गो? हळू, उठेल ती."

"तुम्ही काय बंद केलंत?"

"ड्रायर. त्या मेल्या सॉकेटाला बटणच नाही. मी आले तेव्हाच मनीषला विचारलं होतं, ह्याचं बटण कुठे? त्याने दाखवलं, हे बघ आई, इथे. मला इंग्रजी वाचता येत नाही तर ओळखू यावं म्हणून माझीच टिकली लावून दिली त्यावर." खटक्यावर खरंच लाल टिकली होती. "दुपारी-रात्री निजताना बंद करते, उठले की लावते. तुमचा खोळंबा नको."

हसावं की रडावं कळेना. आर्या खांद्यावर घोरत होती.

"पण आई, त्यात गाडी लावलेली असते! रात्रभर बंद ठेवली तर ती चार्ज कशी होणार?"

"रात्रभर कशाला लागते? मनीषनेच व्हिडिओ दाखवला ना मला. माणूस कॉफी प्यायला गेला नि आला तर गाडी भरलेली. मला वाटलं, तुमची जेवणं होईतो भरत असेल."

"ते वेगळं असतं हो. मोठ्या स्टेशनवरचं. घरी रात्र जाते."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आणि मला त्या क्षणी फार वाईट शंका आली. आई एरवी भोळ्या नाहीत. मी गाडी घेऊन आर्याला एकटी नेणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता, तो मी बघितला होता. मी विचारलंच. नंतर वाटलं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"आई, मी गाडी चालवू नये असं वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. पापणीसुद्धा न लववता. "परमुलूख. रस्ते हे एवढाले. गाड्या बंदुकीतून सुटल्यासारख्या जातात. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. पण म्हणून बटण नाही हो बंद केलं मी. तसं करायचं असतं तर तोंडाने बोलले असते." मग जरा थांबून, "आणि तो गोळा गरम होतो. एकदा रात्री हात लागला. म्हटलं, हे काही बरं नाही."

"कुठला गोळा?"

त्यांनी मला वॉशिंग मशीनच्या खोलीत नेलं. खटका पाडून थोडाच वेळ झालेला, तरी मी पिनेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गरम म्हणजे चांगलीच गरम होती. इतके दिवस मी टक्केच बघत होते. पिनेला हात लावून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

म्हणजे आता काय? आईंनी बंद केलं ते चूक होतं की बरोबर? बंद केलं नसतं तर काय झालं असतं? मी कुणावर रागवायचं, हेच मला कळेना.

आर्याला खाली निजवलं. पिन निवू दिली, काढली, उलटसुलट करून बघितली. काळी पडलेली नव्हती, वास नव्हता. गाडीत जाऊन बसले. पडद्यावर बरंच शोधल्यावर चार्जिंगचा जोर कमी करायची जागा सापडली. सरांनी त्यांच्या भिंतीवरच्या चार्जरसाठी तो पूर्ण वर ठेवलेला. मी निम्म्यावर आणला. मेंटेनन्सला फोन करून सॉकेट बदलायला सांगितलं. ते म्हणाले रविवारी येऊ, इन्शाल्ला. मग परत येऊन आईंना म्हटलं, "लावा खटका."

त्यांनी लावला. आम्ही दोघी दोन स्टुलांवर बसून राहिलो. मधून मधून आई पिनेवर हात ठेवायच्या, आर्याचा ताप बघतात तसा, उलट्या हाताने. मग मी ठेवायचे.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या.

"कोमटच."

"पण रात्री नको गो. मला झोप नाही यायची."

"निम्म्या जोरावर वेळ जास्त लागणार, आई. रात्र तर लागेलच."

"का? दिवसभर ही गाडी करते काय? उभीच तर असते तुझ्यासारखी घरात. दिवसा लाव. मी बघते की तिच्याकडे."

रात्री गाडी, हे सर म्हणाले होते, कारण सर दिवसा ऑफिसला जायचे. मी तर कुठेच जात नव्हते.

"आणि ड्रायर?"

"दोरी बांध मागे. एवढं ऊन फुकट चाललंय."

संध्याकाळपर्यंत टक्के बरेच वर चढले. मी हेमचंद्र सरांना कळवलं, गाडी ठेवतो. त्यांनी खोट काय निघाली ते विचारलं नाही, "बघा, म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाले.

मनीषने मात्र विचारलं. "अचानक कशी काय चार्ज झाली? बॅटरी गेलीय ना?"

"नाही रे. म्हणजे... बटण बंद होतं."

"कुठलं बटण? त्याला बटणच नाही."

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी केलं होतं बंद. आणि तू रे शहाण्या, कॉफी पिऊन येईतो भरते असं दाखवलंस मला! उद्या ही घेऊन जाणार आहे आम्हाला. तू वाऱ्यात उभा राहू नकोस, सर्दी होईल," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

शुक्रवारी सकाळी आर्याला मागच्या सीटवर नीट बांधलं. आई तिच्या शेजारी बसल्या, पट्टा घट्ट, पर्स पोटाशी, डोळे मिटलेले.

"आई, निघायच्या आधीच डोळे मिटलेत?"

"तू बघ पुढे. माझ्याकडे नको बघूस."

गाडी आवाज न करता निघाली. इतकी गुपचूप की चालू झालीय की नाही हेच मला आधी कळलं नाही. गेटवरच्या दुआ नावाच्या गार्ड बाईने हात हलवला, दांडा वर गेला, आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. डावीकडे समुद्राचा रस्ता. उजवीकडे बाजार, दवाखाना, मोठा हायवे. आठवडाभर मी ह्या गाडीसाठी सगळ्यांशी भांडले होते, आणि आजारपण नसताना कुठे जायचं असतं, ह्याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"थांबलीस का गो?" आईंनी एक डोळा उघडला. "बंद पडली?"

"नाही. कुठे जायचं तेच कळत नाहीये."

"यल्ला, मम्मा!" आर्या ओरडली. बालवाडीतलं अरबी, म्हणजे चल.

मी डावा सिग्नल दिला. मग उजवा. मग परत डावा.